बुबुळे नसलेली पोर

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला मुलांचे चित्त घराकडे लागलेले असते आणि त्या वेळी व्याकरण शिकवू पाहणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे. म्हणून त्या तासाला मी गोष्ट सांगतो. हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. गेल्या वर्षी दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा मी पाचवीच्या वर्गाला ॲनीची गोष्ट सांगितली. ॲनी ही अमेरिकेतील एका वर्तमानपत्री चित्रकथेची नायिका. तिला ना आई ना बाप. अनाथाश्रमात राबून वाढलेली. एक कोट्यधीश गृहस्थ तिला मुलगी मानतो; पण तो व्यापारासाठी सारखा देशोदेशी जातो, आणि तो गेला की ही पोर पुन्हा रस्त्यावर येते. सोबतीला एक कुत्रा. ती कुणाच्या तरी दारात उभी राहते, पडेल त्या कामाला हात लावते, चार माणसांची होते, आणि संकट अगदी गळ्याशी आले की तो कोट्यधीश परत येतो. मुले तोंडे उघडी टाकून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, तिचा बाप एवढा पैशेवाला हाय, मंग जाताना तिला संगं का नेत न्हाई?’’

‘‘अरे, नेली असती तर गोष्ट कुठून घडली असती?’’ असे काहीतरी मी बोललो. मुले हसली. तो हसला नाही. त्याचे आईबाप त्याच आठवड्यात मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला गेले होते आणि तो गावात आजीपाशी राहिला होता. ‘पोराला संगे नेऊ नका, शाळा बुडेल,’ असे त्याच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून सांगणारा मास्तर मीच होतो.

त्या रविवारी मी ते जाडजूड खंड पुन्हा काढले. अमेरिकेत नोकरीस असलेल्या माझ्या मेहुण्याने ते एका खेपेस आणून दिले होते. २००८ सालापासून तिकडील एका प्रकाशकाने या चित्रकथेचे जुने भाग क्रमवार छापण्यास घेतले, त्यांतलेच हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. इंग्रजी मी शब्दकोशाची काठी टेकत वाचतो. परंतु चित्रकथेला काठी फारशी लागत नाही. पहिल्या वेळी मी ती गंमत म्हणून वाचली होती. दुसऱ्या वेळी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत वाचली, आणि मग ती पूर्वीसारखी वाचता येईना.

या कथेचा कर्ता हॅरल्ड ग्रे. जन्म १८९४, इलिनॉय राज्यातील कंकाकी या गावी. बालपण शेतावर गेलेले. पर्ड्यू विद्यापीठातून १९१७ साली तो पदवीधर झाला, ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये लागला, आणि सिडनी स्मिथ या नामांकित चित्रकाराच्या ‘द गम्प्स’ या मालिकेवर त्याने उमेदवारी केली. पुढे त्याने स्वतःची मालिका वृत्तपत्राचे चालक कॅप्टन जोसेफ पॅटरसन यांच्यापुढे ठेवली. मूळ नायक ऑटो नावाचा मुलगा होता आणि पॅटरसन यांनी त्याला परकर नेसवायला सांगितले, अशी एक आख्यायिका आहे. नाव मात्र नक्की कोठून आले ते ठाऊक आहे: जेम्स व्हिटकम रायली या कवीच्या १८८५ सालच्या एका लोकप्रिय कवितेतून. त्या कवितेमागे रायलीच्या घरी कामाला राहिलेली ॲली नावाची एक खरीखुरी पोरकी मुलगी होती. छापखान्यातील जुळाऱ्याच्या हातून ‘ॲली’ची ‘ॲनी’ झाली असे सांगतात. मुद्रणदोषांनी हैराण झालेल्या आम्हा लेखकांना एवढे तरी समाधान की एखादा दोष शंभर वर्षे टिकतो!

५ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये ‘लिटल ऑर्फन ॲनी’ सुरू झाली. पुढच्याच वर्षी एके दिवशी ‘शिकागो ट्रिब्यून’ने ती छापली नाही, तेव्हा वाचकांनी एवढा गिल्ला केला की वृत्तपत्राला पहिल्या पानावर क्षमा मागावी लागली. १९२९ साली शेअरबाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या, १९३३ पर्यंत तेथील चार कामकऱ्यांतील एकजण बेकार झाला. आणि या हलाखीत ॲनीचे वाचक कमी होण्याऐवजी वाढले. १९३१ पासून ती देशभर रेडिओवरून बोलू लागली. ‘ओव्हल्टीन’ ही कंपनी त्या कार्यक्रमाची पुरस्कर्ती होती. डब्याच्या झाकणाखालची खूण पाठवली की मुलांना सांकेतिक निरोप उलगडण्याची चकती मिळे. १९३७ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने घेतलेल्या चाचणीत वाचकांच्या पसंतीस पहिली उतरली ती ॲनीच. ज्या काळात हजारो घरांतील बाप कामाच्या शोधात घर सोडून जात होते, त्या काळात ही पोरकी मुलगी एका राष्ट्राची लाडकी झाली, हा योगायोग नव्हे.

आता तिची चित्रे पाहू. रोज साधारण चार चौकटी, रविवारी रंगीत पान. ग्रेचे रेखाटन सफाईदार नाही. माणसे ताठ उभी असतात, हात ओंडक्यासारखे, मागे काळ्याभोर सावल्या आणि दाट रेघोट्या. फुग्यांतून मजकूर इतका की कित्येकदा पात्रांना उभे राहायला जागा उरत नाही. परंतु दोन गोष्टी त्याने अशा केल्या आहेत की त्या पाहून कादंबरीकाराने कानाला खडा लावावा.

पहिली गोष्ट काळाची. वाचकाचा एक दिवस तो ॲनीचा एक दिवस, असा ग्रेचा नियम. सोमवारी ती उपाशी झोपली तर वाचकाला मंगळवारच्या सकाळपर्यंत तिची उपासमार उराशी बाळगून राहावे लागे. कादंबरीत आम्ही ‘असेच सहा महिने गेले’ असे एका ओळीत लिहून मोकळे होतो. ग्रेला ते सहा महिने एकेक दिवसाने भरून काढावे लागत. त्यामुळे त्याच्या कथेत साहस थोडे आणि वाट पाहणे फार. चाकूसुरे, चाचे, गुंड हे सारे आहे. पण पाने उलटल्यावर लक्षात राहते ते ॲनीचे एकट्याने चालणे, स्वतःशी बोलणे, कुत्र्याशी बोलणे. सँडी हा तो कुत्रा १९२५ च्या जानेवारीत तिला भेटला, तेव्हा तो पिल्लू होता. तो मोठा झाला. ॲनी दहा-अकरा वर्षांचीच राहिली.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ग्रेच्या पात्रांना बुबुळे नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी वर्तुळे. हसणाऱ्यांनी याची पुष्कळ टिंगल केली आहे. मलाही प्रथम ते चेहरे भेसूर वाटले. पण आमच्या गावी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते. तोवर मूर्ती रंगाने, दागिन्यांनी नटलेली असूनही ती कोठे पाहते आहे ते कळत नाही. मूल तिच्यापुढे उभे राहते आणि मनानेच तिला दृष्टी देते. ग्रेने ती शेवटची आखणी कधी केलीच नाही. ॲनी रडत आहे की नुसतीच थकली आहे, हे तो सांगत नाही. रिकाम्या डोळ्यांत वाचकाने आपले दुःख भरावे. ती पाने उलटताना माझ्या ध्यानात आले की मी त्या वर्तुळांत मागच्या बाकावरील त्या मुलाचे डोळे भरीत होतो.

आता त्या प्रश्नाकडे वळू. बाप तिला संगे का नेत नाही?

ऑलिव्हर वॉर्बक्स हे त्या बापाचे नाव. ॲनी त्याला ‘डॅडी’ म्हणते. नावातच त्याचा व्यवसाय आहे: युद्धातून मिळवलेले डॉलर. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या धंद्यात त्याने संपत्ती केली. त्याची बायको ॲनीला अनाथाश्रमातून आणते ती आपल्या दातृत्वाचा डंका वाजावा म्हणून, चाचणीखातर, वस्तू पसंतीवर आणावी तशी. नवरा परदेशाहून येतो, पोरीला मांडीवर घेतो आणि मला डॅडी म्हण म्हणतो. तो गेला की बायको तिला पुन्हा आश्रमात धाडते. येथून जे चक्र सुरू झाले ते ग्रेने चव्वेचाळीस वर्षे, म्हणजे १९६८ साली स्वतः मरेपर्यंत फिरवले. वॉर्बक्स येतो, सुख येते. सुख आले की कथा मरते. कथा जगावी म्हणून वॉर्बक्सला जावे लागते. कधी तो हरवतो, कधी लुटला जातो, कधी मेल्याची वार्ता येते.

याचे पहिले उत्तर तंत्राचे आहे, आणि तेच मी वर्गात दिले. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्टदेखील मासिकातून क्रमशः आला. पण डिकन्सला शेवट करायचा होता, म्हणून पोरक्या मुलाला वारसा मिळाला, घर मिळाले, आणि पुस्तक मिटले. वृत्तपत्री चित्रकथेला शेवट ठाऊक नाही. जोवर अंक खपतो तोवर मुलीने पोरके राहिलेच पाहिजे. तिचे पोरकेपण हे तिचे प्रारब्ध नसून तिची नोकरी आहे.

पण हे उत्तर मला पुरेना. कारण ग्रे या गरजेला तत्त्वज्ञानाचा साज चढवतो. त्याचा उपदेश असा: माणसाने कोणाच्या उपकारावर जगू नये, काम करावे, उसने घेऊ नये, रडू नये. सरकारी मदत माणसाला पांगळे करते. समाजसेवेचा आव आणणाऱ्या बाया दुष्ट असतात. कामगारांचे पुढारी लबाड. आणि प्रामाणिक भांडवलवाला हाच गरिबांचा खरा मित्र. १९३३ साली अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ची धोरणे आखली आणि ग्रेचा संताप चौकटीबाहेर सांडू लागला. मिसेस ब्लीटिंग-हार्ट या नावाची एक परोपकारी बाई त्याने रंगवली आहे. नावाचा अर्थ ‘बेंबाटणारे अंतःकरण’ असाच काहीसा होईल. ही बाई जगाला दया शिकवते आणि घरात ॲनीला फुकट राबवते. १९३५ च्या एका कथानकात ईलाय ईऑन नावाचा एक साधा, वृद्ध शास्त्रज्ञ ‘ईओनाइट’ हा अभंग पदार्थ शोधून काढतो. वॉर्बक्स त्याचा कारखाना उभारणार, हजारोंना काम मिळणार. इतक्यात चिथावणीखोर वक्ता जमाव भडकावतो, कारखाना जळतो, म्हातारा मरतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे गुपितही. ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकाने त्या वर्षांत या चित्रकथेवर टीकेची झोड उठवली ती उगीच नव्हे.

या रागाची परिसीमा १९४४ साली झाली. आपला काळ संपला, आता जगात आपल्यासारख्याला जागा नाही, अशा निराशेत वॉर्बक्स चक्क मरतो. १९४५ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट वारले. त्याच वर्षी वॉर्बक्स जिवंत होऊन परत आला आणि हवा पालटल्याचे सूचक उद्गारही त्याने काढले. एका पोरक्या मुलीच्या गोष्टीत एवढा हिशेबी सूड! मी खंड मिटला आणि बराच वेळ उघडला नाही.

आम्हा हिंदी वाचकांना खटकणारी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३५ साली या कथेत एक भारतीय येतो. आठ फूट उंच, डोक्याला फेटा, वॉर्बक्सचा एकनिष्ठ सेवक. नाव काय? ‘पंजाब’! म्हणजे उद्या एखाद्या गोऱ्या लेखकाने आपल्या नोकराचे नाव ‘कोकण’ ठेवावे तसे. पंजाब दुष्टांवर एक वस्त्र टाकतो, मंत्र म्हणतो, आणि ते माणूस नाहीसे होते. दोन वर्षांनी ‘ॲस्प’ नावाचा पूर्वेकडचाच दुसरा सेवक येतो. तो तर अंधारात माणसे कायमची गप्प करतो. जो लेखक रोज सांगतो की प्रत्येकाने आपले ओझे आपण वाहावे, त्याच्या कोट्यधीशाला न्याय मिळवायला एका पारतंत्र्यातील देशाचा गडी लागतो, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. न्यायालय नको, पोलीस नको, कायदा नको. मालकाने खूण केली की वस्त्र पसरायचे. बालवाचकाला यात जादू दिसते. त्या वस्त्राखाली गेलेल्या माणसाची बाजू कोणी ऐकली, असे मात्र या मास्तराच्या मनात आल्यावाचून राहत नाही. एवढे मात्र खरे की ग्रेने पंजाबला विदूषक केले नाही. तो शहाणा आहे, ॲनीवर त्याची माया आहे, आणि कित्येकदा वॉर्बक्सपेक्षा त्याच्याच सहवासात ती निर्धास्त दिसते.

इतके दोष सांगितल्यावर प्रश्न उरतो की मी हे खंड दुसऱ्यांदा का वाचले, आणि तिसऱ्यांदा का वाचणार आहे?

कारण ग्रे उपदेश करताना एक सांगतो आणि चित्र काढताना दुसरेच दाखवतो. वॉर्बक्स कितीही थोर असला तरी तो ॲनीजवळ नसतो. मधले महिने, कधी कधी वर्षे, तिला कोण सांभाळते? पहिल्याच वर्षी आश्रमातून सुटलेल्या ॲनीला घरात घेतात ते सायलो नावाचे नवराबायको. शेतकरी, कष्टाळू, हाती पैसा नसलेले. त्यांच्यानंतर किती माणसे आली! छोटे दुकानदार, खाणावळवाले, म्हाताऱ्या विधवा, डॉक्टर, गाडीवाले. ही सारी माणसे हलाखीत आहेत आणि तरी ताटातील अर्धी भाकरी पुढे करतात. ग्रे स्वतः मोटारीतून देशभर हिंडे, लहान गावांतील माणसांशी गप्पा मारी, असे सांगतात. ते त्याच्या चौकटींत दिसते. चूल कशी आहे, दुकानाच्या फळ्यांवर डबे कसे रचले आहेत, पडवीतली खुर्ची कोणत्या बाजूला झुकली आहे, हे तो जाणतो. वॉर्बक्सचा प्रासाद मात्र त्याला कधीच जमला नाही. तो भव्य आहे, पण त्यात कोणी राहत असेलसे वाटत नाही.

आणि १९३१ चे कथानक तर त्याच्या सगळ्या उपदेशाला छेद देते. मंदीच्या ऐन काळात ग्रेने वॉर्बक्सचेच दिवाळे काढले. तो सर्वस्व गमावतो, मालमोटार चालवण्याची नोकरी धरतो, अपघातात त्याची दृष्टी जाते. ज्याच्या येण्याची सारा देश वाट पाहत असे तो हा असा येतो, चाचपडत. त्याला कोण उभे करते? फ्लॉप-हाउस बिल नावाचा, दरिद्री लोकांच्या स्वस्त निवाऱ्यांशी नाव जडलेला एक माणूस. पुढे डोळे परत येतात, दौलतही परत येते, कारण चक्र फिरायलाच हवे. पण काही महिने का होईना, ग्रेने आपल्या देवाला आंधळा करून गरिबाच्या दारात बसवले. स्वतःच्या बळावर उभा राहिलेला म्हणून ज्याचे गोडवे गायचे, तोच दुसऱ्याच्या आधाराने उभा राहतो! ग्रेमधल्या प्रचारकाला हे उमगले नसेल. चित्रकाराच्या हाताला उमगले होते.

असाच एक प्रसंग १९४२ चा. युद्धकाळात ॲनी मुलांची ‘ज्युनिअर कमांडो’ सेना उभारते. मोडके लोखंड, रद्दी गोळा करणे हे त्यांचे काम. त्या सेनेत जॉर्ज नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा येतो, आणि ॲनी त्याला बरोबरीने पंक्तीत घेते. त्या वेळी अमेरिकेच्या खऱ्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. जे देशाच्या सेनेत नव्हते ते पोरांच्या सेनेत झाले. ग्रेला सुधारक म्हणवून घेणे मुळीच आवडले नसते. पण पोरक्या मुलीच्या नजरेने जग पाहायचे ठरवले की कोण कोणाच्या पंक्तीला बसतो याचे नियम आपोआप ढिले होतात. कारण ती स्वतः कोणत्याच पंक्तीची नसते.

ॲनीच्या पुढील आयुष्याची कहाणी मोठी विचित्र आहे. ग्रे गेल्यावर मालिका दुसऱ्या हातांत गेली. १९७७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘ॲनी’ हे संगीत नाटक आले आणि त्याचे २,३७७ प्रयोग झाले. त्या नाटकात वॉर्बक्स ॲनीला घेऊन रूझवेल्ट यांच्या भेटीस जातो, पोरीचा उत्साह पाहून अध्यक्षांना ‘न्यू डील’ची स्फूर्ती होते, आणि सारे मिळून गातात! ज्या माणसाने रूझवेल्टच्या रागाने आपला नायक मारला, त्याच्या नायिकेला त्याच रूझवेल्टच्या मांडीवर बसवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कर्त्यावर एवढा अन्याय क्वचितच झाला असेल. पण मला वाटते, लोकांनी ग्रेच्या चित्रांतून जे घेतले तेच रंगभूमीवर मांडले. त्यांना स्वावलंबनाचे प्रवचन आठवले नाही. संकटात कोणीतरी पाठीशी उभे राहते, ते आठवले. त्यांनी डोळ्यांची आखणी आपल्या हाताने केली.

मूळ मालिका मात्र क्षीण होत गेली. २०१० साली ती वीस वृत्तपत्रांतही येत नव्हती. त्या वर्षी १३ जून रोजी तिचा शेवटचा भाग छापून आला, आणि तो शेवट नव्हताच. ॲनी एका युद्धगुन्हेगाराच्या कैदेत, परमुलखात. आणि वॉर्बक्सला तिचा पत्ता नाही. शहाऐंशी वर्षे जो बाप वेळेवर येत आला तो या खेपेस आला नाही, कारण उद्याचा अंक नव्हता. चार वर्षांनी ‘डिक ट्रेसी’ या शेजारच्या मालिकेच्या चित्रकारांना तिची दया आली. त्यांनी आपल्या कथेत तिचा शोध घेऊन सुटका केली. येथेही तेच! बाप नव्हे, शेजारी धावला.

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक पोरका मुलगा आहे. साठ पाने मी त्याला गावातल्या चार घरी जेवायला लावले, आणि मग मला त्याचे पुढे काय करावे ते सुचेना. तेव्हा मी मुंबईहून एक श्रीमंत मामा आणला आणि त्याला मोटारीत घालून पाठवून दिले. परीक्षकांनी शेवट ‘सुखद’ असल्याचे लिहिले. ग्रे वाचल्यावर मला उमजले की मी त्या चार घरांचा अपमान केला आहे. ज्या म्हातारीने साठ पाने त्याला भाकरी घातली तिला निरोपाचे एक वाक्यसुद्धा मी दिले नव्हते. मामा लक्षात राहावा म्हणून मी तिला पुसून टाकले. ग्रेचाही अपराध हाच. पण त्याची चित्रे ती माणसे पुसू देत नाहीत, माझ्या वाक्यांनी दिली.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर असे आहे. बाप तिला संगे नेत नाही, कारण गोष्ट लिहिणाऱ्याला वाटते की गोष्ट बापाची आहे. ती बापाची नाही. बाप नसताना जे घडते तीच गोष्ट, आणि जे तेव्हा दार उघडतात तीच तिची माणसे. पोरीने खंबीर व्हावे हे ठीक. पण ‘तू खंबीर आहेस’ एवढे म्हणून निघून जाणारा वडीलधारा, मग तो कोट्यधीश असो की मास्तर असो, तिचे देणे फेडत नाही. ‘शाळा बुडेल’ हे ओट्यावर बसून सांगणे सोपे होते. त्या पोराने आईबापांवाचून सहा महिने कसे काढायचे, संध्याकाळी कोणाच्या दिव्याखाली बसायचे, हे मी सांगितले नव्हते. तो उपदेश ग्रेचाच होता; मला तो माझा वाटत होता.

तो मुलगा आता सहावीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्याला आणि त्याच्यासारख्या पाच-सहा जणांना संध्याकाळी घरी अभ्यासाला बोलावू लागलो. मंडळी त्यांना चहा आणि उरलेसुरले काही देतात. यात थोरवी काही नाही, आणि त्याच्या आजीच्या भाकरीपुढे तर मुळीच नाही. एके दिवशी त्याने शेल्फावरचा खंड काढला आणि बराच वेळ चित्रे पाहत बसला. अक्षर एकही कळत नव्हते. मग त्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली. काय करतोस ते मी विचारले, तर म्हणाला, ‘‘हिला डोळं काढायचं राह्यलंय.’’

पुस्तक महागाचे होते. मी पेन्सिल दिली.